कॉइल आणि पाइप वाहण्यासाठी नवा ॲल्युमिनियम फ्लॅटबेड ट्रेलर कसा निवडावा?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ मला असा समजला: आपण ओहायोत राहता, काही वर्षे दुसऱ्याच्या कंपनीत फ्लॅटबेड (बाजू व छप्पर नसलेला सपाट ट्रेलर) चालवल्यावर आता स्वतःचा स्लीपर ट्रॅक्टर (झोपण्याची सोय असलेला, ट्रेलर ओढणारा ट्रक) घेतला आहे, माल मुख्यतः पोलादाच्या कॉइल (पत्र्याची गुंडाळलेली अवजड रिळे), पाइप आणि सळया असा असतो, मधूनमधून इमारती लाकूडही असते. पहिला ट्रेलर नवाच घ्यायचा असे आपण ठरवले आहे आणि डीलरने ५३ फुटी, संपूर्ण ॲल्युमिनियमचा, टँडम एक्सलचा (मागे एकमेकांजवळ दोन एक्सल असलेला) ट्रेलर सुचवला आहे. तो घ्यावा का आणि घेताना काय तपासावे, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर आधी सांगून टाकतो. आपल्या मालासाठी ॲल्युमिनियम योग्य आहे, परंतु डीलरने सुचवलेला ट्रेलर योग्य नाही. ४८ फुटी, स्प्रेड एक्सलचा (दोन एक्सल एकमेकांपासून दूर असलेला), एअर सस्पेन्शन (हवेच्या पिशव्यांवर भार तोलणारी यंत्रणा) असलेला आणि मधल्या भागात कॉइलसाठी मजबुती केलेला ट्रेलर घ्यावा. मी आधी ट्रेलर-दुरुस्तीच्या शॉपमध्ये आणि नंतर एका वाहतूक कंपनीच्या खरेदी विभागात काम केले आहे, त्यामुळे एकच ट्रेलर विकत घेताना कसा दिसतो आणि पाच हिवाळे खाऊन दुरुस्तीला आल्यावर कसा दिसतो, हे दोन्ही मी पाहत आलो आहे. पुढचे विवेचन त्या आधारावर आहे.

सर्वांत आधी वजनाचा हिशेब मांडावा, कारण ॲल्युमिनियमसाठी जे जास्तीचे पैसे मोजायचे ते वजनासाठीच मोजायचे असतात, चकाकीसाठी नव्हे. अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांवर विशेष परवान्याशिवाय गाडीचे एकूण वजन ८०,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३६,३०० किलोंच्या, वर जाता कामा नये. आपला स्लीपर ट्रॅक्टर डिझेलच्या भरलेल्या टाक्या आणि चालक धरून साधारण १९,००० पौंडांचा आहे असे समजू. साखळ्या, बाइंडर (साखळी ताणून धरणारे साधन), पट्टे, कॉइल रॅक, लाकडी ठोकळे आणि ताडपत्र्या यांचे १,८०० पौंड धरू. हा आकडा नवखे लोक विसरतात, पण लाकडाच्या गठ्ठ्यांवर टाकायची एकेक ताडपत्री शंभर पौंडांच्या आसपास भरते. उरले ५९,२०० पौंड, आणि त्यातून ट्रेलरचे वजन वजा करायचे. जुन्या पद्धतीचा सगळा पोलादी ट्रेलर १३,००० पौंडांचा असेल तर माल ४६,२०० पौंड घेता येतो. पोलादी मुख्य बीम आणि बाकी ॲल्युमिनियम असा ज्याला येथे काँबो म्हणतात तो ट्रेलर १०,७०० पौंडांचा धरला तर ४८,५०० पौंड. संपूर्ण ॲल्युमिनियमचा ९,२०० पौंडांचा धरला तर पूर्ण ५०,००० पौंड. ट्रेलरची ही वजने ढोबळ आहेत आणि बनावटीनुसार पाचशे-हजार पौंडांनी इकडेतिकडे होतात, पण क्रम बदलत नाही.

आता या आकड्यांचा अर्थ लावताना आपल्या भाड्याकडे पाहा. ब्रोकरकडून मिळणारे बरेचसे लोड ४८,००० पौंडांपर्यंतचे असतात आणि त्यांचे भाडे ठोक किंवा मैलावर ठरते. पोलादी ट्रेलर अशा लोडला उभाच राहू शकत नाही; काँबो कसाबसा राहतो, पण टाक्या पूर्ण भरलेल्या असतील आणि ट्रेलरवर बर्फ साठलेला असेल तर वजनकाट्यासमोर छातीत धडधड होते. संपूर्ण ॲल्युमिनियमच्या ट्रेलरला ही चिंता नसते. मात्र ४८,००० पौंडांच्या ठोक भाड्यावर काँबोने जे मिळते तेच ॲल्युमिनियमने मिळते, एक डॉलरही अधिक नाही. फरक पडतो तो पोलाद कारखान्यांच्या त्या कामांत, जिथे भाडे शंभर पौंडांवर किंवा टनावर ठरते. उदाहरणादाखल, शंभर पौंडांना दोन डॉलर भाडे असेल तर जास्तीच्या १,५०० पौंडांचे प्रत्येक खेपेला ३० डॉलर होतात, आणि वर्षाला अशा शंभर खेपा होत असतील तर ३,००० डॉलर. आपल्या गेल्या वर्षभराच्या पावत्या काढा, वजनावर ठरलेल्या खेपा मोजा, मग एकाच डीलरकडून काँबो आणि संपूर्ण ॲल्युमिनियम अशी दोन कोटेशने एकाच जोडसामानासह घ्या आणि किमतीतील फरक त्या रकमेने भागा. तीन-चार वर्षांत फरक भरून निघत असेल तर निर्णय झाला. आपण लिहिलेल्या मालाच्या प्रकारावरून तो निघेल असे मला वाटते. आपला माल मुख्यतः यंत्रसामग्री किंवा छपराच्या कैच्यांचा असता तर मी आपल्याला बिनदिक्कत काँबो घ्यायला सांगितले असते.

लांबीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कॉइल, सळया आणि बहुतेक पाइप ४८ फुटांत बसतात, कारण पोलादाच्या बाबतीत जागा संपण्याच्या कितीतरी आधी वजन संपते. जास्तीच्या पाच फुटांमुळे ट्रेलरचे वजन काहीशे पौंडांनी वाढते, कारखान्यांच्या जुन्या आवारांत वळवणे अवघड होते आणि कॅलिफोर्नियात तर एक वेगळीच अडचण येते: तेथे किंगपिनपासून (ट्रेलर ट्रॅक्टरला जोडणारी पुढची खुंटी) सर्वांत मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन किंवा अधिक एक्सल असलेल्या ट्रेलरला ४० फुटांहून अधिक चालत नाही. म्हणूनच ५३ फुटी स्प्रेड ट्रेलर पश्चिमेकडे न्यायचे असतील तर सरकणारा एक्सल घ्यावा लागतो, आणि ती यंत्रणा वजन, किंमत व देखभाल तिन्ही वाढवते. हलका पण जागा व्यापणारा माल, उदाहरणार्थ इन्सुलेशनचे गठ्ठे, हाच आपला धंदा असेल तरच ५३ फुटांचा विचार करावा.

एक्सलचा प्रश्न मात्र सविस्तर समजून घेण्याजोगा आहे, कारण यावर ट्रकथांब्यांवर जितकी चुकीची माहिती ऐकू येते तितकी दुसऱ्या कशावर नसेल. एकमेकांजवळ असलेल्या दोन एक्सलच्या जोडीला, म्हणजे टँडमला, ३४,००० पौंडांची मर्यादा आहे. एकेरी एक्सलला ती २०,००० पौंड आहे. दोन एक्सलमधील अंतर ९६ इंचांहून अधिक झाले की कायदा त्यांना टँडम मानत नाही आणि पूल-सूत्र (एक्सलमधील अंतरावरून वजनाची मर्यादा ठरवणारे सूत्र) लागू होते. त्या सूत्रात दहा फूट अंतर घातले की दोन एक्सलना मिळून ४०,००० पौंड येतात, नऊ फूट घातले तर ३९,०००. ट्रेलर बनवणारे दहा फूट एक इंच किंवा दहा फूट दोन इंच अंतर ठेवतात ते याचमुळे; पोलिसाने टेप लावला तर इंचभर सुटी असलेली बरी.

याचा अर्थ स्प्रेड एक्सलने सहा हजार पौंड जास्त माल नेता येतो असा नाही. एकूण मर्यादा ८०,००० पौंडच राहते. पुढच्या एक्सलवर १२,०००, ट्रॅक्टरच्या मागच्या जोडीवर ३४,००० आणि ट्रेलरच्या टँडमवर ३४,००० अशी बेरीज केली तर ती बरोबर ८०,००० होते. म्हणजे टँडमचा ट्रेलर पूर्ण भरायचा असेल तर तीनही ठिकाणचे वजन काटेकोर जुळावे लागते. एकच ४८,००० पौंडांची कॉइल ठेवायची आहे आणि किंगपिनपासून ट्रेलरच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर ३६ फूट आहे असे धरा: कॉइल एक फूट मागे ठेवली तर सुमारे १,३०० पौंड ट्रॅक्टरवरून ट्रेलरच्या एक्सलवर जातात. कारखान्यातला क्रेनचालक कॉइल टेकवतो, आपण सही करून बाहेर पडतो आणि काट्यावर कळते की मागच्या जोडीवर ३४,९०० झाले आहेत. अशा वेळी परत जाऊन कॉइल उचलून घ्यायची म्हणजे अर्धा दिवस गेला. स्प्रेड एक्सलने हीच ढिलाई मिळते, मागच्या बाजूला सहा हजार पौंडांपर्यंत चुकीला जागा राहते. कॉइल वाहणाऱ्याला ही सोय इतकी मोलाची आहे की तिच्या तोट्यांसह ती स्वीकारावी असे माझे ठाम मत आहे.

तोटे अर्थात आहेत. दहा फुटांवर असलेले दोन एक्सल वळताना एका बिंदूभोवती फिरू शकत नाहीत, त्यामुळे तीव्र वळणावर एका एक्सलचे टायर आडवे घासले जातात. आवारात भरलेला ट्रेलर नव्वद अंशांत वळवताना टायर रिमवरून जवळजवळ मुरडलेले दिसतात, आणि डांबर तापलेले असेल तर जमिनीवर काळे पट्टे उमटतात. यावर उपाय म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या एक्सलच्या एअर बॅगांतील हवा सोडणारा व्हॉल्व्ह. त्याने वळणापुरता तो एक्सल हलका होतो. हा व्हॉल्व्ह हाताने चालवायचा की केबिनमधील स्विचवर, हे विचारून घ्या आणि स्विचचा पर्याय घ्या. बाहेरच्या बाजूला असलेला हातव्हॉल्व्ह पावसात उतरून कोणी वापरत नाही. हवा सोडल्यावर दुसऱ्या एक्सलवर सगळे वजन येते हेही लक्षात ठेवा. ही सोय आवारातल्या मंद गतीच्या वळणापुरतीच आहे. पाट्यांचे, म्हणजे पोलादी स्प्रिंगांचे, सस्पेन्शन स्वस्त आणि दणकट असले तरी स्प्रेडला एअर सस्पेन्शनच हवे, कारण पाट्यांवर दूरच्या दोन एक्सलमध्ये वजन सारखे वाटले जात नाही. कॅनडात मालाची ने-आण करायची असेल तर तेथील प्रांतांचे एक्सलविषयीचे नियम वेगळे आहेत. खरेदीआधी ते पाहावेत, नंतर नव्हे.

आता रचनेकडे वळू. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश आहे, पण त्याचा ताठपणाही सुमारे एक-तृतीयांशच आहे. म्हणजे तेवढ्याच आकाराचा बीम ॲल्युमिनियमचा केला तर तो त्याच भाराखाली तिप्पट वाकेल. म्हणून ॲल्युमिनियमच्या ट्रेलरचे मुख्य बीम खोल असतात आणि ते मुद्दाम वर कमान देऊन बनवलेले असतात. मोकळा ट्रेलर बाजूने पाहिला तर मध्ये उंचावलेला दिसतो, आणि भरल्यावर सपाट होतो. खरेदीला आलेले काही जण हे पाहून ट्रेलर वाकडा आहे की काय असे विचारतात. वाकडा नाही, तसाच असायला हवा. मात्र या लवचीकपणाचा एक परिणाम चालकाने ध्यानात घेतलाच पाहिजे: रस्त्यावर ट्रेलर खालीवर होत असताना साखळ्या व पट्टे सैल पडतात. पहिल्या ५० मैलांच्या आत बांधणी तपासण्याचा आणि त्यानंतर दर १५० मैलांना किंवा तीन तासांना पुन्हा पाहण्याचा संघीय नियम आहे. ॲल्युमिनियमच्या ट्रेलरवर तो केवळ नियम म्हणून पाळू नका.

मुख्य प्रश्न वेल्डिंगचा की बोल्टचा. ओहायोतच रँडॉल्फ येथील ईस्ट आणि अलायन्स येथील मॅक हे वेल्ड केलेल्या रचनेचे उत्पादक आपल्याला जवळ आहेत. पेनसिल्व्हेनियातील राइटनॉवर बोल्टने जोडलेल्या रचनेसाठी ओळखला जातो. काँबो पाहायचा असेल तर फाँटेन, युटिलिटी, ग्रेट डेन आणि वाबॅश यांचे ट्रेलर सर्वत्र मिळतात. वेल्ड केलेला ट्रेलर वाईट आणि बोल्टचा चांगला, किंवा उलट, असे सरसकट म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. तत्त्व असे आहे: ट्रेलरमध्ये वापरले जाणारे ६०६१-टी६ सारखे मिश्रधातू उष्णतेच्या प्रक्रियेने कठीण केलेले असतात, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतच्या पट्ट्यातील ती ताकद बरीच उतरते. चांगला उत्पादक सांधे अशा जागी ठेवतो जिथे ताण कमी असतो. बोल्टच्या रचनेत हा प्रश्न टळतो आणि फोर्कलिफ्टने चेपलेला क्रॉसमेंबर (दोन मुख्य बीमना जोडणारा आडवा दांडा) काढून दुसरा बसवता येतो, पण बोल्टची छिद्रे वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी मोठी होऊ शकतात आणि ढिले झालेले बोल्ट शोधत ट्रेलरखाली झोपावे लागते. ओहायो-पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्याला दोन्ही प्रकारच्या दुरुस्तीची सोय जवळ आहे, त्यामुळे आपल्या बाबतीत मी यावर अडून बसणार नाही. फक्त एक सांगतो: वेल्ड केलेला ट्रेलर घेतला तर रस्त्यावरच्या कोणत्याही शॉपला मुख्य बीमच्या खालच्या पट्टीवर कधीही काहीही वेल्ड करू देऊ नका. विंचसाठी (पट्टा गुंडाळून ताणणारे साधन) एखादा लहानसा ब्रॅकेट तेथे चिकटवला आणि दोन वर्षांनी त्याच जागेपासून बीममध्ये चीर गेली, असे ट्रेलर माझ्यासमोर आले आहेत. ॲल्युमिनियम वारंवार येणाऱ्या ताणाने थकते आणि पोलादासारखी सुरक्षित पातळी त्याला नसते. लहान ताणही पुरेसे वेळा आला तर चीर पडते.

आपल्यासाठी कॉइलची मजबुती हा खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा कलम आहे. साधारण क्रॉसमेंबर एक ते दोन फुटांच्या अंतरावर असतात. ४५,००० पौंडांची कॉइल जेमतेम चार-पाच फुटांत बसते, म्हणून ज्या भागात ती ठेवायची त्या भागात क्रॉसमेंबर एकमेकांच्या अधिक जवळ लावावे लागतात. कोटेशनमध्ये ट्रेलरची एकूण क्षमता मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते, पण ती सर्व लांबीवर समान पसरलेल्या मालासाठी असते. आपल्याला हवा तो आकडा म्हणजे चार फुटांत किती पौंड आणि दहा फुटांत किती पौंड. हे दोन्ही आकडे लेखी घ्या, आणि ती मजबुती पुढून किती फुटांपासून किती फुटांपर्यंत आहे हेही लेखी घ्या. मजबुतीचा पट्टा आणि एक्सलचे वजन जुळवण्यासाठी कॉइल ठेवायची जागा या दोन्ही एकाच ठिकाणी आल्या पाहिजेत. तो पट्टा ट्रेलरच्या मध्यावर आणि आपली कॉइल वजन जुळण्यासाठी तीन फूट मागे, असे झाले तर मजबुतीचे पैसे वाया गेले. डीलरला आपल्या ट्रॅक्टरचे एक्सलवरील मोकळे वजन द्या आणि उत्पादकाकडून एकाच कॉइलचा वजन-आराखडा काढून घ्या. सगळे नामांकित उत्पादक तो काढून देतात, मागावा मात्र लागतो.

बांधणीच्या जागांबाबतही असेच. नियमानुसार सर्व बंधनांची एकत्रित कार्यभार क्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी तरी असावी लागते. ४८,००० पौंडांच्या कॉइलला २४,००० पौंड हवेत. ३/८ इंची ग्रेड ७० साखळीची क्षमता ६,६०० पौंड असल्याने एका बाजूच्या अँकरपासून (साखळी अडकवायची ट्रेलरवरची जागा) कॉइलवरून दुसऱ्या बाजूच्या अँकरपर्यंत गेलेल्या चार साखळ्या २६,४०० पौंड देतात. पण साखळी ज्याला अडकवली तो अँकर ५,००० पौंडांचाच असेल तर हिशेब त्या अँकरचा धरला जातो. चार इंची पट्ट्यांची क्षमता सहसा ५,४०० पौंड असते आणि लाकडासाठी ते ठीक आहेत, परंतु कॉइलसाठी डेकमध्ये (माल ठेवायच्या सपाट पृष्ठभागात) बसवलेले, वर उचलून वापरायचे साखळीचे अँकर घ्यावेत, आणि ते मजबुतीच्या पट्ट्याच्या पुढे-मागे पुरेसे दाट असावेत. साखळी ॲल्युमिनियमच्या बाहेरच्या पट्टीवर घासली की ती पट्टी काही महिन्यांत करवतीने कापल्यासारखी होते.

डेक संपूर्ण ॲल्युमिनियमचा असला तरी त्यात लाकडाच्या खिळेपट्ट्या मागा. आपिटाँग या कठीण लाकडाच्या पट्ट्या येथे प्रचलित आहेत. कॉइलखालचे ठोकळे आणि यंत्रांच्या पाचरी त्यांत खिळ्यांनी ठोकता येतात. ॲल्युमिनियमचा डेक ओला झाला की अत्यंत निसरडा होतो, आणि पहाटेच्या दवात किंवा हिमात ताडपत्री ओढायला वर चढणाऱ्याची हाडे मोडतात. डेकच्या पृष्ठभागावर खाचा असलेला प्रकार घेतल्यास थोडा फरक पडतो.

गंजाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ॲल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही, हे खरे. पण ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना लागून असतील आणि मध्ये खारट पाणी शिरले तर ॲल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी पडते आणि सांध्याच्या आत फुगवटा येतो. ओहायो, मिशिगन, पेनसिल्व्हेनियात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ आणि मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण टाकतात, म्हणून हा प्रश्न आपल्याकडे टेक्सासपेक्षा कितीतरी गंभीर आहे. सस्पेन्शनचा पोलादी सांगाडा ॲल्युमिनियमच्या बीमला जिथे भेटतो, किंगपिनची पोलादी प्लेट जिथे बसते, लँडिंग गिअर (ट्रॅक्टर सोडल्यावर ट्रेलरला उभे धरणारे पाय) जिथे टांगलेले असते, या तीन जागी दोन धातूंच्या मध्ये विलग करणारा पदार्थ कोणता आहे हे विचारा. उत्तर देताना विक्रेता चाचरला तर ट्रेलरखाली शिरून स्वतः पाहा.

चाके आणि ब्रेकबद्दल थोडक्यात: ॲल्युमिनियमची चाके घ्या, डिस्क ब्रेक परवडत असतील तर घ्या, आणि टायरमध्ये आपोआप हवा भरणारी यंत्रणा नक्की घ्या, कारण स्प्रेडवर टायर घासून आधीच खर्च वाढलेला असतो. जोडटायरऐवजी एकच रुंद टायर लावल्यास वजन आणखी वाचते, पण कारखान्याच्या आवारात तो फुटला तर लंगडत बाहेर पडण्याची सोय राहत नाही; एकट्या मालकाने तो घेऊ नये असे मला वाटते.

पैशांच्या बाजूचा सर्वांत मोठा धक्का म्हणजे संघीय अबकारी कर. २६,००० पौंडांहून अधिक एकूण वजनक्षमतेच्या नव्या ट्रेलरच्या पहिल्या किरकोळ विक्रीवर तो १२ टक्के लागतो. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, वाहनांवर सुरू झालेल्या कराचा हा अवशेष आजवर टिकून आहे. डीलर फोनवर जी किंमत सांगतो ती बहुधा कराआधीची असते. ५०,००० डॉलरच्या ट्रेलरवर ६,००० डॉलरचा फरक आहे. पेट्या, रॅक वगैरे जोडसामान नंतर लावून कर वाचवू असे काही जण सुचवतात, पण ट्रेलर वापरात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत बसवलेल्या जोडसामानाची आणि मजुरीची बेरीज १,००० डॉलरच्या वर गेली तर त्यावरही हा कर लागू होतो. वापरलेल्या ट्रेलरवर तो लागत नाही, आणि तीन-चार वर्षे जुन्या चांगल्या ॲल्युमिनियम ट्रेलरचा विचार करण्यास हे एक सबळ कारण आहे. मात्र कॉइल वाहिलेला जुना ट्रेलर खालून पाहता येत नसेल तर घेऊ नये. आयात ॲल्युमिनियमवरील शुल्क २०१८ मध्ये १० टक्के होते, ते २०२५ मध्ये आधी २५ आणि मग ५० टक्क्यांवर गेले, तेव्हा कोटेशन किती दिवस बांधील आहे आणि ट्रेलर बनेपर्यंत धातूचा भाव वाढल्यास अधिभार कोणी सोसायचा, हे करारात स्पष्ट असावे. अनामत रक्कम परत मिळण्याच्या अटीही त्याच कागदावर हव्यात.

ताबा घेताना घाई करू नका. ट्रेलर जोडून जवळच्या काट्यावर मोकळा तोला. कागदावर ९,२०० आणि काट्यावर ९,९०० आले तर ती तफावत आपल्या भाड्यातून जाणार आहे, आणि तक्रार करायची वेळ सही करण्याआधीची असते. ओळखपट्टीवरील प्रत्येक एक्सलची क्षमता २०,००० पौंड तरी आहे का ते पाहा, कारण स्प्रेडचे सगळे गणित त्यावर उभे आहे. किंगपिनपासून पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावा. दोन अंतरांत एक अष्टमांश इंचाहून अधिक फरक असेल तर एक्सल तिरका आहे आणि टायर त्याची किंमत मोजतील. विजेरी घेऊन खाली शिरा आणि कॉइलच्या पट्ट्यातील प्रत्येक क्रॉसमेंबर दोन्ही बीमना कसा जोडला आहे ते बघत जा. वेल्ड सलग, एकसारखा, खड्डे नसलेला असावा. वेल्डच्या टोकाशी खळगा दिसला तर खडूने खूण करा आणि डीलरला दाखवा. एबीएसचा (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागून विझतो का, हवा सोडणारा व्हॉल्व्ह खरोखर सोडतो का आणि पुन्हा भरतो का, विंच आपल्या जागी सरकतात का, हे सगळे तिथेच तपासा.

नव्या ट्रेलरच्या चाकांचे नट पहिल्या ५० ते १०० मैलांनंतर पुन्हा आवळावे लागतात; हब-पायलट (मधल्या हबवर नेमक्या बसणाऱ्या) चाकांना ४५० ते ५०० फूट-पौंडांचा टॉर्क लागतो आणि तो टॉर्क रेंचनेच तपासावा, लांब नळी घालून अंदाजाने नव्हे. पहिले काही लोड कॉइलचेच घ्या, प्रत्येक वेळी कॉइलचा मध्य पुढच्या कडेपासून किती फुटांवर होता ते वजनाच्या पावतीच्या मागे लिहा, आणि ज्या जागी तीनही आकडे बसले त्या जागेची खूण ट्रेलरच्या बाजूच्या पट्टीवर रंगाने करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी क्रेनचालकाला बोट दाखवून सांगता येईल.